फार क्राय २: वारंवार विचारले जाणारे प्रश्न, आणि वारंवार उगवणाऱ्या चौक्या

हा गेम ऑक्टोबर २००८मध्ये आला. तेव्हापासून ज्याला-ज्याला मी तो खेळायला लावला, त्याने आठवड्याभरात मला तेच आठ-दहा प्रश्न विचारले. काहींनी वैतागून, काहींनी शिव्या घालून. उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. शेवटाबद्दलचा प्रश्न वेगळा काढला आहे आणि तिथे आधीच इशारा दिला आहे.

थोडक्यात, गेम आहे तरी काय?

आफ्रिकेतला एक निनावी देश, त्यात यादवी. एका बाजूला यूएफएलएल, दुसऱ्या बाजूला एपीआर. दोन्ही टोळ्यांना शस्त्रं पुरवणारा एकच माणूस, त्याला ‘जॅकल’ म्हणतात. तुम्ही भाडोत्री मारेकरी, त्याला ठार करायला आलेले. टॅक्सीतून पाला नावाच्या गावात पोहोचेपर्यंत तुम्हाला मलेरिया होतो, शुद्ध हरपते, आणि डोळे उघडता तेव्हा ज्याला मारायचं तोच तुमच्या खाटेपाशी उभा असतो. तो तुम्हाला मारतही नाही. इतका अपमान करून सुरू होणारे गेम फार नसतील.

सुमारे ५० चौरस किलोमीटरचा मोकळा प्रदेश, सवाना, जंगल, वाळवंट, नद्या. पैशाच्या जागी कच्चे हिरे. बनवला युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने, पीसी, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६०साठी. गेम ज्या सॉफ्टवेअरवर उभा आहे त्या इंजिनाचं नाव ‘दुनिया’. हो, आपलाच शब्द, त्याच अर्थाने.

पहिला फार क्राय खेळलेलो नाही. अडेल का?

नाही. पहिला २००४चा, क्रायटेक या जर्मन कंपनीने केलेला, बेटावरचा. दुसऱ्याचा त्याच्याशी नावापुरता संबंध.

इतक्या जुन्या गेमवर लोक अजून का भांडतात?

कारण तो चुकला ते आळसाने नाही, विचार करून चुकला.

या गेमचा क्रिएटिव्ह डायरेक्टर क्लिंट हॉकिंग. त्याआधी स्प्लिंटर सेल या हेरगिरीच्या गेम-मालिकेत काम केलेला माणूस. ऑक्टोबर २००७मध्ये त्याने बायोशॉक या गेमवर टीका करताना ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असा शब्दप्रयोग केला. म्हणजे कथा एक सांगते आणि हातातला खेळ दुसरंच करायला लावतो, ही विसंगती. ते नाव पुढे इतकं रुळलं की आता त्याचा उच्चार झाला तरी लोक डोळे फिरवतात. दुसऱ्याच्या गेमवर अशी टीका करणाऱ्याचा स्वतःचा गेम वर्षभरात येणार, म्हटल्यावर सगळे भिंग घेऊन बसले होते.

सॅन फ्रान्सिस्कोत भरणाऱ्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये २००९ साली त्याने या गेमवर भाषण दिलं. त्यातला मुद्दा माझ्या शब्दांत सांगायचा तर असा: खेळाडू बेत आखतो. दुर्बिणीतून पाहतो, कुठून शिरायचं ते ठरवतो. बेत ठरल्याप्रमाणे तडीस गेला तर तो खेळ म्हणून फिका. बेत पूर्ण कोसळला, माणूस मेला आणि मागच्या सेव्हवर, म्हणजे जिथे खेळ साठवला होता तिथे गेला, तरी फिका. मजा मधल्या पट्ट्यात आहे. बेत थोडासा फिसकटावा, जीव न जाता अंगावर यावं, आणि हाती असेल त्यानिशी निभावून न्यावं लागावं. बंदूक अडकणं, ताप चढणं, आग भलतीकडे पसरणं, हे सगळं त्या ‘थोडंसं फिसकटण्या’साठी मुद्दाम पेरलेलं आहे. हे ध्यानात ठेवलं तर पुढची बरीचशी उत्तरं सोपी जातात.

बंदूक ऐन वेळी अडकते. हा बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, आहे का?

नाही, हेच तर पेरलेलं. बंदूक वापराने मळते, गंजते. कुठे टक्केवारी दिसत नाही, रंगीत पट्टी नाही. बंदुकीकडेच बघायचं. चकाकी गेली, तांबूस डाग दिसू लागले, की समजून घ्यायचं. मग एखादी गोळी अडकते, तुम्ही बटण बडवत राहता, समोरचा तोवर जवळ येतो. शेवटी बंदूक हातातच फुटते. रॉकेट लाँचर तर कधीकधी रॉकेट सोडतो आणि ते दोन पावलांवर जमिनीत फुसफुसत पडतं. स्फोट व्हायच्या आत तुम्ही पळायचं. मी खेळलेल्या नेमबाजी गेममध्ये इतकं हसवणारा दुसरा प्रसंग नाही.

कल्पना झकास. अडचण तिच्या अर्थकारणात आहे. शस्त्रांच्या दुकानात एखादी बंदूक एकदा विकत घेतली की शेजारच्या गोदामातून तीच कोरी करकरीत, हवी तितक्या वेळा, फुकट उचलता येते. म्हणजे ज्याला ही युक्ती कळली तो प्रत्येक कामगिरीआधी नवी बंदूक घेतो आणि त्याची बंदूक जवळजवळ कधीच अडकत नाही. अडकते कोणाची? जो नवखा आहे, हिरे नाहीत म्हणून मेलेल्या शत्रूच्या हातची गंजकी रायफल घेऊन फिरतो, त्याची. फिसकटण्याची खरी गंमत सरावलेल्या खेळाडूला यायला हवी होती. तो सुटतो, आणि नवखा भरडला जातो.

चौक्या. चौक्यांबद्दल बोला.

बोलतो. दीर्घ श्वास घ्या.

रस्त्यांवर जागोजागी चौक्या आहेत. दोन झोपड्या, एखादी तोफगाडी, पाचसहा बंदूकधारी. गाडी दिसली की गोळीबार. तुम्ही थांबता, उतरता, झाडीतून वळसा घालून सगळ्यांना गारद करता. पहिल्या वेळी छाती धडधडते. मग पुढचं काम उरकून त्याच रस्त्याने परत येता, आणि चौकीत तितकेच लोक, तशाच पवित्र्यात. पहिले पाढे पंचावन्न. तासाभरात तिसऱ्यांदा तिथून जाल तेव्हाही तेच. फार लांब जायचीही गरज नाही, थोडं अंतर गेलात की मागे चौकी पुन्हा भरलेली.

आपल्याकडच्या माणसाला टोलनाका आठवतो. पण टोलनाक्यावर निदान पावती मिळते, आणि त्याच दिवशी परत यायचं असेल तर ती सवलतीत मिळते. इथे काहीच नाही. दुर्बिणीतून चौकी नीट न्याहाळली की दारूगोळा कुठे, औषधपेटी कुठे, याच्या खुणा नकाशावर उमटतात, तेवढं पदरात. चौकी मात्र तुमची होत नाही. कोणाचीच होत नाही. तिथे काय घडलं हे जगाला आठवतच नाही.

काही जण म्हणतात, जुन्या यंत्रांची मर्यादा होती हो, ३६०मध्ये सगळी मिळून ५१२ एमबी मेमरी. हे मला पटत नाही. चौकी साफ झाली की नाही एवढं लक्षात ठेवायला एक बिट पुरतो. शंभर चौक्या असत्या तरी तेरा बाइट. या ओळीला त्याहून जास्त लागले.

माझ्या मते खरं दुखणं खाली दडलेलं आहे. या देशात रस्त्यावर एकही साधा माणूस नाही. बाजार नाही, गुराखी नाही, पोरंटोरं नाहीत. चौक्या कायमच्या रिकाम्या झाल्या असत्या तर दहा तासांनंतर रस्त्यावर फक्त तुम्ही आणि झेब्रे उरले असते. मोकळं जग रिकामं दिसू नये म्हणून चौक्या परत भरल्या जातात. त्यामुळे त्याचं रिकामपण झाकलं जात नाही, उलट डोळ्यांत भरतं.

आणि इथेच हॉकिंगचं गणित त्याच्यावरच उलटतं. बेत फिसकटायला आधी बेत असावा लागतो. तिसऱ्यांदा तीच चौकी दिसल्यावर कोणी दुर्बीण काढत नाही, गाडी अंगावर घालतो आणि पुढे सुटतो. मग मागे एक जीप लागते, पुढच्या वळणावर दुसरी चौकी. खेळाडूला त्रास दिला म्हणून मी या गेमला नावं ठेवत नाही. त्रास दिलेला विसरतो, म्हणून ठेवतो.

मी ज्या टोळीचं काम करतोय तिचेच लोक माझ्यावर गोळ्या का झाडतात?

गेमचं स्पष्टीकरण: तुमची कामं गुप्त आहेत, खालच्या शिपायांना माहीत नाही. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात दोन टोळ्या असून नसल्यासारख्या होतात. युद्धबंदी असलेल्या गावाबाहेर पाऊल टाकलं की जो दिसेल तो शत्रू. मग यूएफएलएल काय आणि एपीआर काय. ‘दोन्ही बाजू सारख्याच सडलेल्या’ हे कथेला म्हणायचं आहे हे कळतं, पण दोन्ही बाजू सारख्याच वागल्या की निवड करण्यात जीव राहत नाही. ज्याने विसंगतीला नाव दिलं त्याच्याच गेममध्ये ही विसंगती सापडावी, यावर त्या काळी बरीच खिल्ली उडाली.

मलेरियाचं काय करायचं? गोळ्या संपल्या तर?

ठरावीक काळाने डोळ्यांपुढे पिवळट धुकं येतं, हात थरथरतात, एक गोळी घ्यायची, उतरतं. गोळ्या मिळतात भूमिगत मंडळींकडून: लपून बसलेल्या लोकांना देशाबाहेर जायची कागदपत्रं पोहोचवा, मोबदल्यात औषध घ्या. गोळी नसेल तर कोसळता.

कल्पना पुन्हा उत्तम. नेमबाजी गेमचा नायक आजारी असू शकतो, त्याच्या शरीराला स्वतःचं वेळापत्रक असू शकतं, हे त्या काळी कोण करत होतं? आणि गोळ्या मिळवायला जावं लागतं तेव्हाच या देशात सामान्य माणसं आहेत हे पहिल्यांदा दिसतं. पण ताप येतो घड्याळ लावल्यासारखा. पाण्यात भिजलात, रात्रभर जागलात, दलदलीत लपलात, त्याला सोयरसुतक नाही. चकमकीच्या ऐन मध्यात यावा ही अपेक्षा. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा गाडी चालवताना आला, म्हणजे एक बटण दाबायचं काम. हिवताप ज्याने घरात पाहिला आहे त्याला तर हसूच येईल: घाम नाही, हुडहुडी नाही, गोधड्या नाहीत, गोळी गिळली की गडी पुन्हा रायफल उचलायला मोकळा.

‘बडी’ म्हणजे कोण, आणि तो मेला तर?

ही या गेमची सगळ्यात धाडसी चीज.

सुरुवातीला नऊ भाडोत्री पुरुषांपैकी एक तुम्ही निवडता. उरलेले आणि आणखी तीन बाया, हे सगळे जगात इतरत्र भेटतात. त्यांतला एक तुमचा जिवलग होतो. दुसरा एक वाचवणारा: तुम्ही गोळ्या खाऊन पडलात की तो कुठूनसा धावत येतो, ओढत आडोशाला नेतो, हातात पिस्तूल देतो. नेहमीच्या गेममध्ये जिथे पडदा काळा होतो, तिथे इथे प्रसंग सुरू होतो. टोळीकडून काम घेतलंत की जिवलगाचा फोन येतो, तेच काम दुसऱ्या, जास्त भानगडीच्या मार्गाने करू असं सुचवतो. ऐकलंत तर तुमची लपायची जागा सुधारते, पण शेवटी तोच अडचणीत सापडतो आणि सोडवायला तुम्हाला जावं लागतं.

आणि कधीतरी यांतला एखादा पडतो. तुमच्याकडची इंजेक्शनं द्यायची. एक दिलं, तो कण्हतो. दुसरं दिलं, अजून मागतो. किती द्यायची हे तुम्ही ठरवायचं, आणि एका टप्प्यावर हे वाचवणं नाही हे लक्षात येतं. किंवा पिस्तूल. किंवा पाठ फिरवून चालू लागायचं. मेला तो कायमचा मेला. त्याची जागा दुसरा घेतो.

मग कमी कुठे पडलं? हे लोक बोलतातच किती! बारमध्ये बसलेले, दोन-चार वाक्यं, पुन्हा गेलात तर जवळपास तीच. मला माझा वाचवणारा आठवतो तो त्याने मला ओढलं म्हणून, तो कोण होता म्हणून नाही. तरीही माझ्या पहिल्या खेपेत मार्टी नावाचा बडी गेला तेव्हा मी गेम बंद करून चहा करायला उठलो होतो. पोकळ पात्राच्या मरणाने इतकं होत असेल तर भरीव पात्राने काय झालं असतं.

याच व्यवस्थेच्या आधाराने २००९ साली एका ऑस्ट्रेलियन लेखकाने हा गेम एकच जीव धरून खेळला, म्हणजे आपण मेलो की गेम कायमचा बंद, आणि सगळा प्रवास लिहून काढला. जमत असेल तर तुम्हीही एकदा तसं खेळून बघा. चौक्यांचा जाच तेव्हा वेगळाच वाटतो, कारण प्रत्येक चौकीशी काहीतरी पणाला लागलेलं असतं.

नकाशा पडद्यावर का येत नाही?

येतो, पण पात्राच्या हातात. कागदी नकाशा आणि एक जीपीएस यंत्र. गाडी चालवताना नकाशा मांडीवर, एक डोळा रस्त्यावर, एक नकाशावर, आणि मग झाड. खेळ थांबत नाही, कोणी तुमच्यासाठी वेळ गोठवून ठेवत नाही. रस्त्यावरच्या पाट्याही कामाच्या दिशेला रंग बदलतात. माझ्या मते गेममधली ही एकमेव निर्दोष कल्पना. जखमेवर इलाजही तसाच: पक्कडीने गोळी उपसायची, निखळलेलं बोट जागेवर बसवायचं, तेही समोर गोळ्या चालू असताना.

आग खरंच पसरते?

पसरते. वाळलं गवत, वाऱ्याची दिशा, सगळं मोजून. वारा तुमच्याकडे असेल तर बाटलीबॉम्ब फेकू नका. मी फेकला आहे.

सगळे इतक्या भराभर का बोलतात?

हे कोडंच आहे. श्वास न घेता, पाढे म्हटल्यासारखे. सबटायटल्स लावा.

हे सगळं त्या काळी दुसरं कोणी करत नव्हतं?

करत होते, युक्रेनमध्ये.

कीवच्या जीएससी गेम वर्ल्ड या कंपनीचा स्टॉकर हा गेम मार्च २००७मध्ये आला. तिथेही बंदुका झिजतात, अडकतात. पहिल्या भागात तर दुरुस्तीची सोयच नाही, कारागीर पुढच्या भागांत आले. पण त्यांच्या ‘ए-लाइफ’ व्यवस्थेत माणसं आणि श्वापदं तुमच्या नजरेआडही आपापलं जगतात. तुम्ही पोहोचण्याआधीच कुत्र्यांनी एखाद्याला फाडलेलं असतं. घोषणेपासून गेम हाती यायला वर्षानुवर्षं लागली, मूळ बेतातलं बरंच छाटलं गेलं, बग उदंड, आणि काही ठिकाणी शत्रू तिथेही पुन्हापुन्हा येतात. तरी तिथे नवे लोक ‘आले’ असं वाटतं, ‘उगवले’ असं वाटत नाही. फरक एवढाच, पण केवढा!

त्याआधी २००५मध्ये डीप शॅडोज या युक्रेनी कंपनीचाच बॉयलिंग पॉइंट. दक्षिण अमेरिकेतला काल्पनिक देश, ६२५ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या बृहन्मुंबईहून मोठा. सरकार, बंडखोर, माफिया, प्रत्येकाशी वेगळे संबंध, आणि ते लक्षात ठेवले जात. फार क्राय २ला जे हवं होतं ते बरंचसं तिथे होतं. फक्त झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून तरंगत जाणारा जॅग्वार दुरुस्त करायला त्यांना पॅच, म्हणजे नंतरची दुरुस्ती, काढावा लागला.

फार क्राय ३ने सगळं सुधारलं ना?

२०१२च्या त्या गेमने चौकी एकदा जिंकली की कायमची तुमची केली. बंदुका अडकायच्या बंद झाल्या, मलेरिया गेला, वाचवणारा दोस्त गेला. लोक खूश झाले. चौक्या जिंकायला मजा आली, इतकी की सगळ्या जिंकून झाल्यावर बेट रिकामं पडलं आणि खेळाडूंनीच चौक्या परत द्या म्हणून मागणी केली. पुढच्या वर्षी पॅचमधून चौक्या पुन्हा भरायची सोय दिली गेली! फक्त या वेळी कळ खेळाडूच्या हातात होती.

हे सोपं उत्तर होतं. जग आठवण ठेवू लागलं हे खरं, पण फिसकटणं काढून टाकल्यामुळे बेत नेहमीच तडीस जाऊ लागले. त्यानंतर हीच घडण कित्येक गेममध्ये छापली गेली. मला दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं: चौकी परत भरावी, पण ट्रक भरून माणसं येताना दिसावीत, रस्ता उडवला तर येऊ नयेत, आणि या वेळी ती सावध असावीत.

हॉकिंगचं पुढे काय झालं?

२०१०मध्ये युबिसॉफ्ट सोडलं, काही वर्षांनी परतला, आणि २०२०चा वॉच डॉग्ज: लीजन केला. लंडनमधला रस्त्यावरचा कोणताही माणूस नायक म्हणून घेता येतो असा. पुन्हा थक्क करणारी कल्पना, पुन्हा पात्रं उथळ. माणसाचा पिंड बदलत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो.

फार क्राय २मध्ये एक शीखही आहे म्हणे?

क्वारबानी सिंग, मॉरिशसचा. निवडता येतो, पण निवडला की दिसतात फक्त हात. त्याला पाहायचं असेल तर दुसरं कोणी निवडा आणि तो भेटायची वाट पाहा.

आज खेळायचा तर काय ध्यानात ठेवू?

पीसीवर घ्या, स्टीम आणि जीओजी या गेम विकणाऱ्या दोन्ही साइटींवर आहे. चाहत्यांनी केलेला ‘मल्टी फिक्सर’ हा दुरुस्ती-प्रोग्रॅम बसवा. जॅकलच्या मुलाखतीच्या टेप्समध्ये तीच तीच टेप वाजायची चूक होती, ती त्याने जाते.

रस्ता टाळा. नदीत होडी घाला, चौक्या अर्ध्या होतात. बस-स्थानकं मोजकीच, पण लांबच्या कामाला त्यांचाच आधार. पहिले हिरे भारी बंदुकीवर उधळू नका, साध्या भरवशाच्या बंदुकीवर आणि तिच्या टिकाऊपणाच्या पुस्तिकेवर घाला. दोस्ताने एकदा वाचवलं की लपायच्या जागी जाऊन त्याला भेटा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी येत नाही. आणि सलग खेळू नका. रोज एक कामगिरी, बस. दिवसाला एकदाच ओलांडलेली चौकी सुसह्य असते.

शेवट कसा आहे? (न खेळलेल्यांनी इथे थांबा.)

इतका वेळ ज्यांनी तुम्हाला ओढून आडोशाला नेलं, त्यांतले जे जिवंत उरले असतील ते सगळे हिऱ्यांच्या पेटीसाठी तुमच्यावर बंदूक रोखतात. म्हणजे ज्याला मन लावून वाचवलंत, इंजेक्शनं घातलीत, तोच समोर. जितके जास्त वाचवले तितके जास्त मारायचे. त्यानंतर जॅकल दोन कामं पुढे ठेवतो: एकाने हिरे सीमेवर नेऊन लाच द्यायची म्हणजे निर्वासित सुटतील, दुसऱ्याने बॅटरी जोडून खिंड उडवायची म्हणजे मागून कोणी येणार नाही. दोन्हींत मरण ठरलेलं. कोणतं काम घ्यायचं ते तुमच्यावर.

मी दोनदा खेळलो, दोन्ही वेळा बॅटरी घेतली. खिंडीकडे चढताना पहिल्यांदा जाणवलं की मागे वळून पाहिलं तरी काहीच परत उगवणार नाही.

आणि गाडी बंद पडली की?

उतरा, बॉनेट उघडा, पाना फिरवा. कोणताही बिघाड असो, तोच एक नट आवळला की गाडी चालू.